आणि पार्टी

६ जानेवारी २०२५, सोमवार

सगळ्यांच्या आधी आली ती शेजारची गुरम्मा. पाहुण्या तिच्या मागून. पिठाच्या गिरणीपाशी दोन पोरी कुणाचं तरी घर विचारतायत एवढं हिच्या कानावर पडलं, तर दळणाचा डबा तिथंच सोडून ही पळत आली. "शालनक्का, तुझ्याकडं सरकारी बायका यायलेत, केस बांध." मी म्हटलं, सरकारला माझ्या केसांचं काय काम. तरी बांधले.

पोरी सरकारी नव्हत्या. एक अंकिता, चष्म्याची, बारीक. युनिवर्सिटीत शिकते, पण शिकण्याचं वय निघून गेलंय असं गुरम्मा नंतर म्हणाली. दुसरी रेश्मा, तिची मैत्रीण, हिच्या हातात मोबाईल आणि मोबाईलला तीन पायांची काठी. चहा टाकला. गुरम्मा उठायचं नाव घेईना, तिच्या दळणाचं मेलं पीठ झालं असेल तिकडं.

अंकिता म्हणाली, "आज्जी, मी सोलापुरातल्या जुन्या गायन पार्ट्यांवर काम करतेय. जयंतीला, लग्नाला, मेळ्यात गाणाऱ्या. कुठली पार्टी, कोण गायचं, गाणी कुणी लिहिली, याची यादी करायची. ती ग्रंथालयात राहणार."

मी विचारलं, "कायमची?"

"कायमची."

तिच्याकडं एका जुन्या हँडबिलाचा फोटो होता. 'रावजी दुधनीकर आणि पार्टी.' मी म्हटलं, ह्या 'आणि पार्टी'त आमचे मालक हायत की. पेटीवर. आणि गाणी पण त्यांचीच. दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"आजोबांचं नाव काय?"

आता आली का पंचाईत. सत्तेचाळीस वर्षं संसार केला, ते जाऊन पण अकरा वर्षं झाली, तोंडाने कधी नाव घेतलं नाही. मी गुरम्माकडं बघितलं. ती म्हणाली, "त्रिंबक. लिही बाई. जिता व्हता तवा भांडायची, मेल्यावर लाजायली."

पण नुसतं सांगून चालत नाही म्हणे. घरच्यांनी आपल्याच माणसाबद्दल सांगितलेलं तर धरतच नाहीत. कुठं छापलेलं पाहिजे, नाहीतर रेकॉर्डवर, नाहीतर पार्टीतल्या दुसऱ्या कुणी सांगितलेलं. एक जरी पुरावा मिळाला की त्यांच्या नावाची वेगळी नोंद होणार. मार्च संपायच्या आत द्यायचं आहे. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या सोलापुरात एक कागद मिळणार नाही होय? जाताना त्यांचा फोटो, मिलचं कार्ड, माझ्यापाशी होतं ते सगळं देऊन टाकलं.


७ जानेवारी

काल एक लिहायचं राहिलं. ही डायरी साक्षीने दिली, माझ्या नातीने. तिच्या पतसंस्थेतून फुकट मिळाली. म्हणाली, "आज्जी, दिवसभर बोलतीस ते ह्यात बोल." आणि लिहिताना हाय, न्हाय लिहायचं नाही, आहे, नाही लिहायचं, असं पण म्हणाली. लिहिते बाई.

मी लिहायला शिकले ते एक्केचाळिसाव्या वर्षी. गल्लीत साक्षरतेचा वर्ग निघाला होता, समाजमंदिरात, बल्बखाली. तोवर यांची पार्टी मोडली होती. पोरांच्या पाट्या मी धुऊन दिल्या पण माझ्या हातात पाटी आली ती तेव्हा. पहिलं काय लिहिलं तर यांचं नाव. मास्तरीण म्हणाली, स्वतःचं लिही. म्हटलं, थांबा, आधी जे तोंडाने घेता येत नाही ते हाताने घेते.


११ जानेवारी, शनिवार

ग्रंथालयात जाऊन आले. मी, शालन, ग्रंथालयात. चप्पल बाहेर काढली तर रेश्मा म्हणाली, आज्जी घाला, हे देऊळ नाही.

हे तिथं नेहमी जायचे. सुट्टीच्या दिवशी उभ्याने पेपर वाचायचे. आत कधी गेले नाहीत. मी म्हणायची, आत काय आहे? तर म्हणायचे, आत नावं आहेत. मला वाटायचं भिंतीवर देणगीदारांची असतील.

तिथं पंचाक्षरी म्हणून गृहस्थ आहेत, रिटायरमेंटला आलेले. अंकिताने लाकडी खण ओढला, त्यात सगळी कार्डं. संगीत म्हणून खण आहे. त्यात शास्त्रीय आहे, नाटकातली गाणी आहेत, अभंग आहेत. आमचं नाही. अंकिताने विचारलं, जयंतीच्या गाण्यांच्या चोपड्या? पंचाक्षरी म्हणाले, "त्या पुस्तकात धरत न्हाईत, मॅडम. सोळा पानांची चोपडी, तिला पाठ कुटं असती? नंबर डकवायचा कुटं?"

खरं होतं बाई. पुस्तकाला पाठ लागते. सगळ्या कपाटांत बघा, पाठीवर नंबर, एका ओळीत पोरं उभी केल्यासारखी. चोपडी उभीच राहत नाही, तिला कोण नंबर देणार.

"मग होत्या त्या कुठं गेल्या?"

"पोती होती दोन. मागच्या साफसफाईत गेली." मग डोकं खाजवून म्हणाले, "एक गठ्ठा असंल. थांबा."

संगीताच्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली गठ्ठा घातलेला. त्यांनी आणि रेश्माने कपाट उचललं, अंकिताने गठ्ठा ओढला, मी विटेचा तुकडा आत सरकवला. सुतळी सोडली तर वरून पाचवी आमची. रावजी दुधनीकरांचा फेट्यातला फोटो. मी पहिलं पान उघडलं आणि वाचायची गरजच पडली नाही.

दारी उभी शाळा माझ्या, पाटी देते हाका,
लेक माझी चालली हो, वाट सोडा लोका.

सगळं म्हटलं. चालीवर. आठ कडवी. अभ्यासाला बसलेली पोरं मागं वळून बघायला लागली, पंचाक्षरी म्हणाले, "आज्जी, हळू. हितं परीक्षेची पोरं हायत," पण त्यांचं बोट टेबलावर ठेका धरत होतं, मी बघितलं.

अंकिता मात्र पानं उलटत होती. नऊ गाणी, नऊ गाण्यांचं शेवटचं कडवं बघितलं तिने. "आज्जी, सगळीकडं रावजीच आहे. 'रावजी सांगे दुधनीकर, ऐका माय-बाप.' तुम्ही तर म्हणता गाणी आजोबांची."

"त्यांचीच की."

"मग शेवटी नाव त्यांचं का नाही?"

"शिष्यानं गुरूच्या हयातीत सोताचं नाव घातलं तर जीभ झडंल की, बाई. गाणं करायचं आन् शेवटी वस्तादाचं नाव घालून त्याच्या पायावर ठिवायचं. तसंच असतं ते."

"आणि गुरू गेल्यावर?"

"गुरू गेल्यावर ह्यांनी गाणंच केलं न्हाय."

अंकिताने चोपडी पालथी केली. मागच्या पानावर पार्टीचा फोटो आहे. शाई पसरून सगळ्यांची तोंडं काळी झाली आहेत. नावं नाहीत. पेटी मात्र स्वच्छ दिसते. मी तिला दाखवलं, ज्याच्या पुढ्यात पेटी ते हे. चोपडीची झेरॉक्स काढून दिली तिने मला. मग पंचाक्षरींनी वीट काढून गठ्ठा परत पायाखाली घातला, कारण विटेने कपाट हलायला लागलं होतं.

मनासारखा दिवस गेला.


१९ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या यात्रेमुळे पोरी आल्या नाहीत, रस्ते बंद. गुरम्मा जत्रेतून पोराबाळांना घेऊन आली, पाय सुजवून. मग जुनंच लिहिते.

आमची तेव्हाची खोली म्हणजे एक दार आणि एक खिडकी. मी दिवसभर कांड्या भरायची, मागावाल्यांच्या. चरखा फिरवायचा आणि सूत कांडीवर गुंडाळायचं. हे मिलमधून आले की पेटी मांडीवर. एकच ओळ घोळवत बसायचे. दारी उभी शाळा माझ्या, दारी उभी शाळा माझ्या. पुढं जाईना. आणि ती अडकली की माझा हात पण अडकायचा, चरख्याचा ठेका चुकायचा. वैतागून मी म्हटलं, "पाटी देते हाका."

त्यांनी पेटी थांबवली. "फिरून म्हण."

मी म्हटलं, "पाटी देते हाका, लेक माझी चालली हो, वाट सोडा लोका." तेवढ्यात सूत तुटलं, ते जोडायला मी वाकले. वर बघते तर यांनी लिहून पण घेतलं होतं. मग पुढची सहा कडवी मी सूत जोडता जोडता सांगितली, त्यांनी लिहिली. शेवटचं वस्तादांच्या नावाचं तेवढं त्यांनी केलं.

असं पुष्कळदा व्हायचं. त्यांचं गाणं अडायचं आणि मी धक्का द्यायची. चढाला गाडी अडली की रस्त्यावरचं माणूस मागून ढकलतं, म्हणून गाडी त्याची होते का? हे काही कुणाला सांगायचं नसतं. त्या दिवशी ग्रंथालयातून येताना अंकिताने विचारलं, "आज्जी, तुम्हाला एवढं पाठ कसं? तुम्ही पण गायचा का?" मी म्हटलं, "मी कुटली. मला तर सही येत नव्हती." खरंच आहे. पाटीवर एक अक्षर काढून बघितलं नव्हतं मी तेव्हा.


२६ जानेवारी, रविवार

आज पोरी आल्या आणि मला एक आठवलं, म्हणून लई बरं वाटतंय.

पार्टीच्या दोन कॅसेटी निघाल्या होत्या. दुसऱ्या कॅसेटीत मधेच वस्ताद बोलतात. खोकतात आधी, मग म्हणतात, "आता जे गाणं म्हणणार ते आमच्या त्रिंबकनं केलेलं हाय, पेटीवर बसलाय त्यो." माझ्या कानात जसंच्या तसं आहे. मी हे सांगितलं तर अंकिता उठून उभीच राहिली. "आज्जी, हेच तर पाहिजे. कुठंय ती कॅसेट?"

म्हटलं, माढ्याला. आमचा टेप बिघडला तेव्हा माझ्या भावाकडं डबाच पाठवून दिला होता, त्यांच्याकडं टेप होता. लगेच फोन लावला. भाचा आहे, आदिनाथ. फोन स्पीकरवर टाकला रेश्माने.

आदिनाथ म्हणाला, "आत्या, त्या कॅसेटी तर ज्वारीला बांधल्या की."

"म्हंजी?"

"टेप काढून रानात ताणली. ह्या काठीपासनं त्या काठीपर्यंत. उन्हात चमकती, वाऱ्यानं गुणगुणती, पाखरू बसत न्हाय कणसावर. दोन सुग्या चालली."

मला हसूच आवरेना. म्हटलं, बघा, मेल्यावर पण भावाच्या रानाची राखण केली यांनी. गाऊन. पाखरं तेवढी पळवली, जिवंतपणी तर माणसं जमायची. रेश्मा पण हसली, मग अंकिताकडं बघून थांबली. अंकिताने आदिनाथला विचारलं, एखादा तुकडा? तो म्हणाला, "ताई, त्यावर नांगर फिरून पाच वर्षं झाली."

जाताना दोघींना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. कॅसेट कंपनी पण बंद पडली आहे म्हणे, अंकिताने आधीच शोधलं होतं.


४ फेब्रुवारी

अंकिताचा फोन. आठ दिवस जुन्या पेपरांच्या जाड वह्या चाळत होती. धुळीने आवाज बसला होता पोरीचा. म्हटलं, हळद घालून दूध पी. एका जयंतीची बातमी सापडली, आमच्या चौकातली, आमचीच पार्टी. शेवटी लिहिलंय, 'रावजी दुधनीकर व इतर कलाकारांनी रात्र जागवली.'

मी म्हटलं, सापडले की मग. इतर म्हणजे कोण, हेच.


१३ फेब्रुवारी

साक्षी मोबाईल घेऊन आली, "आज्जी, हे बघ." कुणीतरी ते पाटीचं गाणं नवं केलंय, धाडधाड वाजतंय, पोरं नाचतायत. लाखांनी बघितलंय म्हणे. मी पण बसल्या बसल्या खांदे हलवले. ठेका बरा आहे. मधली दोन कडवी खाल्ली आहेत आणि शेवटचं कडवं तर नाहीच.

साक्षीने खाली बोट लावून वाचून दाखवलं. 'गीत : पारंपरिक.'

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे कुणाचंच नाही, आज्जी. लई जुनं."

तिचा बाप, माझा प्रदीप, जेवत होता. म्हणाला, "आबांनी आयुष्यभर पेटी बडवली आन् काय झालं? पारंपरिक झालं. आये, त्या पोरींच्या नादी लागू नको. काय सापडत नसतं." ताट सरकवून उठला. बापासारखाच आहे, मीठ कमी असलं की दुसऱ्याच गोष्टीवर चिडतो.

मला काही वाईट वाटलं नाही. लाखभर लोकांच्या तोंडात बसलंय. फक्त वस्तादांचं नाव काढायला नको होतं. यांना ते आवडलं नसतं.


२३ फेब्रुवारी, रविवार

दुधनीला जाऊन आले. सगळं नीट लिहायचं आहे, पाय दुखत असले तरी.

पार्टीतलं आता कुणी उरलं नाही. ढोलकीवाला गेला, कोरसवाले गेले. उरली ती गोजरबाई, वस्तादांची मालकीण. नव्वदीच्या पुढं. आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो. अंकिता म्हणाली, "आज्जी, आता एवढ्याच आहेत. त्यांनी सांगितलं तर पुरावा होईल. घरच्या नाहीत ना त्या तुमच्या." मी म्हटलं, चल की, माय मला बघून उठून बसेल.

अक्कलकोटला एसटी बदलली. मी मायला सुती पातळ घेतलं होतं. घर आता पक्कं झालंय, खाली किराणा दुकान. माय बाजेवर. ओळखलं मला. "बा, कुंदर," म्हणाली, ये बस. तिकडच्या बायका कानडीतच सुरुवात करतात. डोक्यावरून हात फिरवला. मी पाया पडले, पोरींना पण पडायला लावलं. समोर भिंतीवर वस्तादांचा मोठा फोटो, हार घातलेला, खाली पाटी : कवी, गायक. मायची दोन मुलं, सुना, नातवंडं सगळी गोल बसली. रेश्माने मोबाईल काठीवर लावला.

अंकिताने मोठ्या आवाजात विचारलं, "माय, पार्टीची गाणी कोण लिहायचं?"

माय म्हणाली, "हेच लिवायचे. दुसरं कोण?"

"त्रिंबकआजोबांनी लिहिली होती का काही?"

"त्रिंबक पेटी वाजवायचा. चांगला होता पोरगा. हात गोड होता त्येचा."

थोरला मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळी आमच्या वडलांचीच हायत. प्रत्येक गाण्यात नाव हाय की."

मग अंकिता माझ्याकडं वळली. "आज्जी, तुम्ही सांगा ना. मला सांगितलं तसंच. 'दारी उभी शाळा' कुणी लिहिलं?"

आता तिथं मी काय बोलणार? समोर वस्ताद, बाजेवर गुरुमाय, तिची पोरं-सुना बसलेली. ज्या चुलीवरचं खाऊन आमची पार्टी गावोगाव फिरली, त्या घरात बसून आमच्यांचं नाव पुढं करू? हे असते तर त्यांनी पण तेच सांगितलं असतं. मी म्हटलं, "माय म्हणती तसंच. सगळी वस्तादांची."

अंकिताने परत विचारलं, "आज्जी, नक्की?" मी परत तेच सांगितलं, आणखी मोठ्याने, म्हणजे मोबाईलात नीट यावं. मायने माझा हात घट्ट धरला. लई खूश झाली. थोरल्याने आतून पेढे मागवले.

मग पोरी बाहेर गेल्या, घराचा फोटो काढायला, बाकीचे पण त्यांच्या मागं. माय आणि मी दोघीच. माय हळू म्हणाली, "शालन, ते पाटी देते हाका कुणाचं गं?"

मी म्हटलं, "तुमचंच की, माय."

"खोटं नको बोलू. त्रिंबक ह्यांना म्हणाला व्हता माझ्यासमोर. वस्ताद, हे माझं न्हाय, घरचं हाय. तर हे हसले. म्हणाले, मग काय बाईचं नाव घालायचं का शेवटी? ऱ्हाऊ दे माझंच." मग दम खाऊन म्हणाली, "मी बोलले असते आज. पर ही पोरं... बापाशिवाय काय न्हाय त्यांच्यापाशी मिरवायला."

मी म्हटलं, "असू दे, माय. चरख्यापाशी काय बोललं ते काय धरायचं असतं का?" आणि तिला ते कडवं हळूच म्हणून दाखवलं, तिने डोळे मिटून ऐकलं. यांनी वस्तादांना हे सांगितलं होतं, ते मला माहीतच नव्हतं. मला कधी बोलले नाहीत. एसटीत बसल्यावर सारखं तेच आठवत होतं. हे माझं नाही, घरचं आहे.

अंकिता खिडकीतून बाहेर बघत होती. मी विचारलं, "आता व्हईल ना नोंद? चांगला होता म्हणाली की माय. रेकॉर्डात आलं ना ते?"

"आलं, आज्जी."

"हात गोड होता, ते पण?"

"ते पण आलं."

मग तिने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. थकली असेल. मी पण झोपले.


२ मार्च

कुणी नाही. फोन केला तर बंद. परीक्षेचे दिवस असतील.


९ मार्च

कुणी नाही. गुरम्माने मिरच्या निवडायला बोलावलं, गेले. हात अजून भगभगतायत.


२२ मार्च, शनिवार

आज पोरी आल्या. मीच उघडलं दार, गुरम्माच्या आधी. ती नंतर आली, हिरमुसली.

अंकिताने एका प्लास्टिकच्या फायलीत सगळं परत आणलं होतं. यांचा फोटो, मिलचं कार्ड, एकूणएक. एक चिठोरंसुद्धा ठेवून घेतलं नाही. प्रामाणिक आहे पोरगी. हल्ली कोण एवढं करतं.

मग तिने यादीचं पान दाखवलं, छापलेलं. मी चष्मा लावून स्वतः वाचलं, अक्षर अक्षर लावत. 'रावजी दुधनीकर आणि पार्टी. गीतरचना : रावजी दुधनीकर.' खाली बारीक अक्षरात, 'दुजोरा : श्रीमती शालन त्रिंबक, मुलाखत.'

मी म्हटलं, हे काय? माझं नाव?

"तुम्ही दुधनीत सांगितलं ना, आज्जी. सगळी वस्तादांची. मला ते धरावंच लागलं. मी पुढचं-मागचं लई बघितलं, दुसरं काहीच..." तिचा आवाज परत बसला होता. रेश्माने ते रेकॉर्ड मोबाईलवर लावून दाखवलं. माझाच आवाज. लई स्पष्ट आलाय.

म्हणजे बघा, ग्रंथालयात नाव गेलं ते माझं. आणि माझ्या नावाच्या मागं हे आहेतच की, त्रिंबक, छापलेले. आणि वर 'आणि पार्टी'त पण आहेत. दोन दोन जागी. मी बोट ठेवून दोन्ही दाखवलं अंकिताला. ती चष्मा काढून पुसत बसली. आमच्या घरात उन्हाळ्यात धूळ लई येते.

गुरम्माने विचारलं, "मग आता काम सपलं तुमचं?" रेश्मा म्हणाली, संपलं मावशी, हॉस्टेलची खोली सोडली, सामान पण पाठवून दिलं पुण्याला. मी म्हटलं, काम संपलं म्हणून काय झालं, जेवायला यायचं. परत कधी येणार? अंकिता म्हणाली, बघते. मी म्हटलं, बघते नाही, दिवस सांग. तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, "सहा एप्रिलला येतो, आज्जी. रविवारी." आणि वाकून पाया पडली, दुधनीला मायच्या पडली होती तशी.

त्या गेल्यावर गुरम्मा म्हणाली, "कशाला येतात त्या आता." ही अशीच. हिला दळण सोडून पळत यायला पाहुणे लागतात आणि वरून त्यांनाच नावं ठेवते.

मी ठरवलंय. रविवारी शेंगाच्या पोळ्या करायच्या. जेवणं झाली की रेश्माला म्हणायचं, मोबाईल बंद कर. आणि मग अंकिताला एकटीला ते पाटीचं सांगायचं, चरख्यापाशी कसं झालं ते. यांनीच वस्तादांना सांगितलं होतं म्हटल्यावर मी एका पोरीला सांगितलं तर चालेल. लिहून नको घेऊ म्हणायचं. नुसतं तिला माहीत असावं.

त्या दिवशी माणसांच्या गडबडीत लिहायला सवड मिळायची नाही. म्हणून सहा एप्रिलचं पान काढून त्यावर आत्ताच लिहून ठेवलं : आज पोरी आल्या.